भावंडांचं कोल्हापूर: दोन दिवस, दोन पोटं

कोल्हापुरात जाऊन ‘काही खास नव्हतं’ म्हणत परतलेला माणूस बहुतेक वेळा चुकीच्या वेळी जेवायला बसलेला असतो. हॉटेल बरोबर, पत्ता बरोबर, पण सकाळचा कट (मिसळीवरचा तिखट रस्सा) संपत आलेला, किंवा दुपारी तीनला पातेल्याच्या तळाचा पांढरा रस्सा वाढलेला. या गावात प्रत्येक पदार्थाला आपापलं घड्याळ आहे. सकाळी मिसळ, भर दुपारी रस्सा, संध्याकाळी भेळ, रात्री लोणी डोसा नाहीतर आइस्क्रीम, आणि कट्ट्यावरचं दूध म्हशींच्या धारेच्या वेळेला. त्यामुळे शनिवार-रविवार धरून निघणार असाल तर हॉटेलांच्या नावांची यादी नंतर करा, वेळापत्रक आधी.

हे वेळापत्रक पेलायला भावंडासारखा जोडीदार नाही. उष्ट्याचा प्रश्न नसतो, त्यामुळे एका सकाळी दोन ठिकाणी एकेक प्लेट निम्मी-निम्मी करून खाता येते. चार मित्र असले की प्रत्येकाला स्वतःची प्लेट लागते आणि दुसऱ्या ठिकाणी पोचायच्या आधीच पोटं भरतात. शिवाय भावंडं एकमेकांना खरं सांगतात. नव्या ओळखीतला माणूस ‘बरंय की’ म्हणून संपवतो. बहीण पहिल्या घासाला म्हणते, ‘टुकार आहे, ऊठ.’

अडचण निवडताना होते. ‘तूच ठरव’ आणि ‘मला काहीही चालेल’ या दोन वाक्यांत कोल्हापुरातला एक तास सहज जातो, आणि तो नेमका भुकेचा तास असतो. त्यामुळे घरातून निघतानाच जेवणं वाटून घ्या: शनिवारची मिसळ आणि रात्र एकाची, रविवारची सकाळ आणि दुपार दुसऱ्याची. ज्याची पाळी त्याचा शब्द शेवटचा, समोरच्याला दिवसातून एकदाच नकार देता येईल. पैशांचंही तसंच. ताई किंवा दादा मोठे असतील तर ते बिल देऊ देणारच नाहीत, त्यावर काउंटरपाशी ओढाताण करण्यात अर्थ नाही. धाकट्यानं आधीच गाडीची तिकिटं किंवा डिझेल भरून टाकावं आणि परतीची चटणीखरेदी स्वतःकडे घ्यावी.

आता वार. कोल्हापुरात मटणाचे वार ठरलेले आहेत: बुधवार, शुक्रवार, रविवार. शनिवार पाळणारी घरं भरपूर. दोघांपैकी एक जण शनिवार पाळत असेल तर भांडू नका, उलट ते सोयीचंच आहे. शनिवार मिसळ, भेळ, डोसा यांत घालवा आणि मटण रविवारी दुपारी खा. रविवारी गावातल्या घराघरांत मटण शिजतं, खाटकाकडे सकाळपासून रांग असते आणि खानावळींत माल ताजा आणि भरपूर येतो. (मटण हा इथे गंभीर विषय आहे. 2019 च्या अखेरीस मटणाच्या दरावरून या शहरात आंदोलन झालं होतं.) दोघंही शनिवार पाळत नसाल तर शनिवारी दुपारची थाळी उरका, गर्दी रविवारपेक्षा कमी मिळते. श्रावणात आणि नवरात्रात मात्र मटणासाठी जाऊ नका. श्रावणात खवय्येच कमी असतात, आणि नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाच्या गर्दीनं जुनं गाव इतकं भरतं की जेवणापेक्षा वाहनतळ शोधण्यात दिवस जातो.

मुंबईहून जाणाऱ्यांना महालक्ष्मी एक्सप्रेस सोयीची आहे. रात्री बसलं की सकाळी कोल्हापूर, म्हणजे थेट मिसळीच्या वेळेला. पुण्याहून रस्त्यानं सुमारे 230 किलोमीटर. महामार्गाच्या रुंदीकरणाच्या कामांमुळे मध्ये वळणं लागतात, त्यामुळे नकाशा सांगेल त्यावर तासभर जास्त धरा आणि पहाटे निघा. नऊ-साडेनऊला गावात असायला हवं. गाडी घेऊन महाद्वार रोडच्या गल्ल्यांत शिरू नका. बिंदू चौकातल्या वाहनतळावर गाडी लावा आणि तिथून पायी फिरा. अंबाबाईचं देऊळ आणि जुन्या गावातली खाण्याची ठिकाणं पायी पोचण्यासारखी आहेत.

मिसळीची तीन नावं सगळीकडे ऐकायला मिळतील: उद्यमनगरातली फडतरे, कसबा बावड्यातली बावडा मिसळ आणि देवळाच्या बाजूची चोरगे. तिन्ही प्रसिद्ध आहेत, म्हणून रविवारी सकाळी तिन्हीकडे थांबावं लागतं. शनिवारी लवकर गेलात तर बरं. पण या तिघांवर गाव संपत नाही. पेठांमध्ये, तालमींच्या आसपास, चार बाकडी टाकलेली ठिकाणं आहेत. ती ओळखायची खूण सोपी: सकाळी आठ-साडेआठला डबे आणि किटल्या घेऊन कट न्यायला आलेले लोक दिसले तर आत शिरा. घरी न्यायला येणारा माणूस शेजारचा असतो आणि शेजाऱ्याला रोज फसवता येत नाही.

कोल्हापुरी मिसळ समोर आली की लगेच कालवू नका. वाटीत मोड आलेली मटकी, थोडी बटाट्याची भाजी, वर शेव-चिवडा, कांदा, आणि कट. सोबत लादीपाव नाही, ब्रेडचे जाड स्लाइस. आधी नुसता कट चमच्यानं चाखा. चांगल्या कटात आधी भाजलेल्या कांदा-खोबऱ्याची आणि लसणाची चव लागते, तिखट मागून चढतं. पहिल्याच चमच्याला घशात ठसका बसला आणि पाठीमागे काहीच चव उरली नाही, तर मसाला कच्चा राहिलाय किंवा नुसत्या मिरचीपुडीवर कट उठवलाय. तवंग लाल असावा, पण ढवळल्यावर खालचा रस्सा फिका पाणी दिसत असेल तर तो लाल रंग फक्त तेलात आहे.

दोघांत मागवायचं असं: एकच मिसळ, कट वेगळ्या वाटीत, एक जादा रिकामी वाटी, दोन जादा स्लाइस. शेव आधीच कटात बुडाली की पाच मिनिटांत लगदा होतो, म्हणून कट थोडाथोडा ओता. बहुतेक ठिकाणी कट पुन्हा वाढतात, पावाचे पैसे वेगळे. गर्दीच्या वेळी काही जण दोघांत एक प्लेट द्यायला नाखूश असतात, आणि ते बरोबरही आहे, कारण बाकावरची दोन माणसांची जागा अडते. अशा वेळी एक मिसळ आणि एक दही किंवा ताक मागवा, कुणी काही म्हणत नाही. मग दुसरं ठिकाण. दोन्हीकडच्या कटांची चव तासाभराच्या अंतरानं जिभेवर असली की फरक लख्ख कळतो. तिसरीकडे जाऊ नका. तिसरा कट कितीही चांगला असला तरी तोवर जीभ बधिर झालेली असते.

तिखट लागलं तर पाणी पिऊन उपयोग नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, उलट पाण्याबरोबर तोंडभर पसरतं. दूध-दह्यातलं केसिन ते धरून खाली नेतं. लहान भावाला ‘तुला झेपत नाही’ म्हणून चिडवायच्या आधी दह्याची वाटी मागवा.

दुपारच्या थाळीचं ठिकाण शोधणं हे खरं काम. पद्मा गेस्ट हाऊस, ओपल, देहाती ही नावं कुणीही सांगेल आणि पहिल्यांदा जाणाऱ्यानं त्यातलं एक निवडलं तर काही बिघडत नाही. पण त्यापलीकडे शोधायचं असेल तर मोबाईलच्या नकाशावर इंग्रजीत ‘रेस्टॉरंट’ शोधू नका. त्यात लॉज, बार आणि पनीर बटर मसाला वर येतो. देवनागरीत ‘खानावळ’, ‘मटण थाळी’, ‘घरगुती जेवण’ असं टाका, यादी पार बदलते. मग अभिप्राय ‘सगळ्यांत नवे’ या क्रमानं लावा, कारण आचारी बदलला की चार वर्षांपूर्वीचे तारे कुचकामी. आणि एक-तारा देणारे नक्की वाचा. ‘अर्धा तास उभं केलं’, ‘दोन वाजता मटण संपलं म्हणाले’, ‘पार्किंग नाही’ अशा तक्रारी असतील तर ती शिफारस समजा. ‘रस्सा पाण्यासारखा’, ‘मटण चिवट’, ‘वास येत होता’ असं दोन वेगळ्या माणसांनी लिहिलं असेल तर सोडून द्या. पाहुण्यांनी टाकलेले ताटाचे फोटो बघा, मालकानं टाकलेले नाही. ताटात पांढरा रस्सा पिवळट आणि दाट दिसला तर पुढे जा.

आणखी एक घोळ एकसारख्या नावांचा. नाव गाजलं की त्याच नावाची दुकानं दुसऱ्या गल्लीत, महामार्गावर, दुसऱ्या शहरात उघडतात. काही घरातल्याच वाटणीतून आलेली, काही नुसती नाव उचललेली. फक्त नाव टाकून गाडी काढू नका, पेठ किंवा चौक पडताळून बघा.

माणसांना विचारायचं तर प्रश्न नीट विचारा. ‘इथे फेमस काय आहे?’ असं विचारलं की पर्यटकाला सांगायची चार नावं मिळतात. सकाळी मिसळ खाताना वाढणाऱ्याला विचारा, ‘मामा, सुट्टीच्या दिवशी घरात चूल बंद असली तर मटण कुठे खाता?’ रिक्षावाल्याला विचारा, ‘सासरची माणसं आली तर कुठे नेता?’ दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर थोडं महागडं येईल, पण तिथली बसायची जागा आणि स्वच्छता चांगली असते. आई-वडील बरोबर असतील तर ते उत्तर घ्या, दोघंच असाल तर पहिलं. मग फोन करून तीन गोष्टी विचारा: मटण साधारण किती वाजेपर्यंत असतं, रस्सा पुन्हा मिळतो का, आणि एक जण शाकाहारी असेल तर काय मिळेल. आधी ठरवायचं, मग वाटेत फोन करायचा. गाडी दारात लावून फोन केला तर भूक निर्णय घेते.

पोचायची वेळ साडेबारा. बारा वाजता पहिली पंगत बसते, तेव्हा काही ठिकाणी पांढरा अजून मुरलेला नसतो. दीडनंतर रांग. अडीचनंतर रस्सा वाढवायला पातेल्यात पाणी पडायची शक्यता असते, आणि पांढऱ्याचं तर आणखी एक दुखणं आहे: नारळाचं दूध पुन्हा पुन्हा उकळलं की फुटतं. वर तेलकट डाग आणि खाली चोथा दिसला की समजा, सकाळपासून तेच तापवतायत.

तांबडा आणि पांढरा, दोन्ही रश्श्यांचा पाया एकच, मटण शिजवलेलं पाणी, ज्याला अळणी म्हणतात. तांबड्यात त्यावर भाजलेला कांदा, खोबरं आणि कांदा-लसूण चटणी पडते. पांढऱ्यात नारळाचं दूध, खसखस, तीळ, कुठे काजू, आणि अख्खे गरम मसाले. म्हणजे अळणी चांगलं असेल तर दोन्ही चांगले, ते पाणचट असेल तर कितीही मसाला घालून उपयोग नाही. तपासायला आधी पांढरा प्या, कारण त्यात लपायला मिरची नसते. तो पातळ असावा, पण घोट गिळल्यावर ओठ किंचित चिकटले पाहिजेत. हा हाडांचा अर्क. पिठाळ लागला तर कॉर्नफ्लोअर किंवा काजूची पेस्ट जास्त. गोड लागला तर पर्यटकांसाठी केलेला. मग तांबडा. तोही पातळच हवा. घट्ट ग्रेव्ही म्हणजे ती दुसरी भाजी झाली. खाताना एक घास सुकं, एक घोट तांबडा, एक घोट पांढरा असं चालू ठेवलं की पांढरा तिखट उतरवतो आणि ताटभर जेवण जातं. आधी सगळा तांबडा संपवणाऱ्याचं जेवण अर्ध्यात थांबतं.

दोघांनी एका अमर्याद थाळीत जेवायला कुणी परवानगी देत नाही, मागूही नका. दोन वेगळ्या थाळ्या घ्या: एक सुक्या मटणाची, दुसरी खिम्याची किंवा अंड्याची. रस्से दोन्हीकडे सारखेच येतात, त्यामुळे सुकी भाजी फक्त अदलाबदल करायची. रक्ती (बकऱ्याच्या रक्ताचा सुका पदार्थ) मिळत असेल तर एक प्लेट वेगळी मागवा, पण विचारून, ती रोज नसते आणि ताजीच खायची. भाकरी ज्वारीची सांगा, आणि एका वेळी एकच. गार भाकरी वातड होते आणि मग चपातीकडे वळावं लागतं. शेवटी भात थोडा घ्या, त्यावर तांबडा. लोक इथेच चुकतात. आधी दोन-दोन भाकऱ्या हाणतात आणि भातावर रस्सा ओतून बघायचं राहून जातं.

दोघांपैकी एक जण शाकाहारी असेल तर मेन्यूतल्या ‘व्हेज कोल्हापुरी’वर बोट ठेवू नका. ती भाजी बाहेरच्या हॉटेलांत जास्त दिसते, इथल्या घरांत कमी. अख्खा मसूर मागवा, झुणका मागवा, सोबत खर्डा (मिरचीचा ठेचा) आणि भाकरी. अख्खा मसूर चांगला असेल तर दाणा अख्खा दिसतो पण दाबला की विरघळतो. दाणा टणक लागला तर घाईत फोडणी दिलेली. मटणाच्याच खानावळीत शाकाहारी ताट मिळतं, पण बहुतेक वेळा ते कसंबसं उरकून टाकलेलं असतं. त्या दिवशी शाकाहाऱ्याची पाळी पुढची असू द्या.

दुपारनंतर झोपा. हा सल्ला गंमतीनं दिलेला नाही. सकाळचा कट आणि दुपारचा तांबडा एकामागून एक घेतले की संध्याकाळी जळजळ होते, आणि रिकाम्या पोटी चहा टाकला तर जास्तच. संध्याकाळी सहानंतर खासबागेकडे जा. शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं कुस्तीचं मैदान तिथेच आहे, आणि राजाभाऊंची भेळही त्याच भागात. कोल्हापुरी भेळ जागच्या जागी खायची असते, बांधून रंकाळा तलावावर नेली की चुरमुरे मऊ पडतात. रंकाळ्याला नुसतं बसायला जा.

रात्री हलकं. दावणगिरी लोणी डोसा कोल्हापूरनं केव्हाच आपलासा केलाय. आकारानं लहान, जाडसर, आतून जाळीदार, वर पांढरं लोणी, सोबत पांढरी बटाट्याची भाजी आणि खोबऱ्याची चटणी. लोणी तव्यावर पडतंय का, की डोसा ताटात आल्यावर वरून गोळा ठेवलाय, ते बघा. तव्यावर पडलेलं लोणी कडेला खरपूस करतं. दोघांत दोन पुरतात. त्यानंतर सोळंकी किंवा इंपीरियलचं कॉकटेल आइस्क्रीम, फळं घातलेलं. एक ग्लास, दोन चमचे.

रविवारी सकाळी लवकर उठवेल तो गंगावेशीतला दूध कट्टा. म्हशी समोर बांधलेल्या, धार काढून फेसाळ दूध थेट पेल्यात. पैलवानांच्या गावची ही चाल. संध्याकाळीही मिळतं. दूध न उकळलेलं असतं हे लक्षात ठेवा: पोट नाजूक असेल, गरोदरपण असेल किंवा लहान मूल बरोबर असेल तर नुसतं बघा. बाकीच्यांनीही अर्धा पेला घ्यावा आणि त्यावर लगेच मिसळ खाऊ नये.

तिथून पन्हाळा सुमारे 20 किलोमीटर. गडावर झुणका-भाकरी, खर्डा आणि मडक्यातलं दही घेऊन बसलेल्या मावश्या भेटतात. भाकरी समोर थापून देणारी निवडा, रचून ठेवलेल्या चवडीतली घेऊ नका. दोघांत एकच ताट घ्या. दुपारचं मटण बाकी आहे आणि साडेबाराला परत गावात यायचंय, म्हणून अकराला गड सोडा.

परतीला कांदा-लसूण चटणी घ्यायची असेल तर जेवणाआधी घ्या, जेवल्यावर वास नीट कळत नाही. पॅकबंद पाकिटापेक्षा डंकावर (मसाला कुटायच्या यंत्रावर) कुटलेली बरी. चिमूट बोटांत दाबा: तेलानं किंचित गोळा व्हावी आणि सोडल्यावर मोकळी व्हावी. ओलसर राहिली तर कांदा नीट वाळलेला नाही, ती महिनाभरात बुरसते. खवट वास म्हणजे खोबरं जुनं. उन्हाळ्यात, एप्रिल-मेमध्ये, वर्षाची चटणी होते तेव्हा सगळ्यात ताजी मिळते. अर्धा-अर्धा किलो दोघांत पुरे. तेल झिरपतं, म्हणून दुहेरी पिशवीत बांधून कपड्यांपासून लांब ठेवा. घरी कोरड्या बरणीत दाबून भरा आणि मध्ये हिंगाचे दोन खडे ठेवा.

पुण्याकडे गाडीनं निघाला असाल तर चारच्या आत कोल्हापूर सोडा. रविवारी संध्याकाळी सगळे एकदमच परततात. रात्रीचं जेवण पेठ नाका ते कऱ्हाड या पट्ट्यातल्या ढाब्यावर करा, तिथे अख्खा मसूर आणि तंदुरी रोटी मिळते. ट्रक उभे असतील आणि बाहेर तंदूर पेटलेला दिसत असेल तो ढाबा घ्या. गाडी चालवणाऱ्यानं एक रोटी कमीच खावी, साताऱ्यापुढे झोप येते.